एटीएमच्या राऊटरची पेटी उघडी पडली आहे. पिन चोरीला जाऊ शकतो का?

घाटंजीकर मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका बाजारगावात चौकात एटीएम आहे. गावाचं आणि बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाळा लहान, एसी नावापुरता, गार्ड नाही. पगाराचे पैसे काढायला गेलो तर मशीनशेजारची पत्र्याची पेटी सताड उघडी. आत दोन अँटेनांचा राऊटर आणि मशीनमधून आलेली एक निळी वायर त्यात खोचलेली. कुलूप खाली पडलेलं. एका पोरानं त्याच पेटीतल्या सॉकेटला आपला मोबाईल चार्जिंगला लावला होता.

उद्या कुणी ती निळी वायर काढून मधे आपलं यंत्र बसवलं तर माझा कार्ड नंबर आणि पिन त्याला दिसेल का? मशीन आणि बँक यांच्यात जे बोलणं चालतं ते तिसऱ्याला ऐकता येतं का? स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. गणिताचे सर म्हणतात सगळं सांकेतिक असतं, निवांत राहा. बाकीचे म्हणतात कार्डच बंद करा. जाणकारांनी उजेड पाडावा. फोटो जोडतोय.

झुणका

त्या पोराचं चार्जिंग किती टक्के झालं ते लिहायचं राहिलं, मास्तर.

प्रशासक

फोटो काढून टाकला आहे. राऊटरवरच्या पट्टीवर सिमचा नंबर आणि आयपी पत्ता स्वच्छ वाचता येत होता. चर्चा चालू ठेवा.

पराटी

मास्तर, तुमच्याकडं पेटी तरी हाय. आमच्याकडं राऊटर मशीनच्या टकुऱ्यावर ठेवून हाय आन त्याच्यावर गणपतीचा फोटो. सेक्युरिटी म्हणाल तं तेवढीच.

बिट_बाइट

मूळचा वाशीमचा, सध्या हिंजवडीत पेमेंटच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून लिहितो.

पिनपुरतं बोलायचं तर गणिताचे सर बरोबर आहेत. तुम्ही ज्या बटणांवर पिन दाबता तो स्वतंत्र, सीलबंद कीपॅड असतो आणि पिन त्याच्या पोटातच एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, होतो. मशीनमधल्या विंडोज संगणकालासुद्धा तुमचा पिन कळत नाही. त्याला फक्त 'एक अंक दाबला' इतकंच समजतं, म्हणून पडद्यावर चांदण्या दिसतात. पिनमध्ये कार्ड नंबरातले बारा अंक मिसळले जातात आणि मग तो कुलूपबंद होतो. त्यामुळे तुमचा आणि शेजाऱ्याचा पिन १२३४ असला (बऱ्याच जणांचा असतोच), तरी वायरवरून जाणारा मजकूर दोघांचा वेगळा.

तिथून पुढे तो बँकेच्या स्विचकडे, म्हणजे व्यवहारांचे निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या मुख्य संगणकाकडे, जातो. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर एनएफएस या राष्ट्रीय जाळ्यातून तुमच्या बँकेकडे. एनएफएस हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग-तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली सुरू केलं, २००९ च्या डिसेंबरात ते एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेकडे आलं. प्रत्येक टप्प्याची किल्ली, म्हणजे एन्क्रिप्ट करायचा गुप्त आकडा, वेगळी. एका किल्लीचं कुलूप काढून दुसरीचं लावण्याचं काम एचएसएम नावाच्या सीलबंद पेटीत होतं, तिच्या बाहेर पिन उघडा येत नाही. कीपॅड उचकटायचा प्रयत्न झाला तर आतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात आणि मशीन बंद पडतं.

थोडक्यात, निळ्या वायरीवरून पिन मिळत नाही.

पराटी

मंग आमचं मशीन बारा महिने बंद राह्यते ते चोरच उचकटते काय कीपॅड?

जुना कॅशियर

त्या किल्ल्या मशीनमध्ये जातात कशा, हे मी सांगतो. निवृत्त आहे, बँकेचं नाव विचारू नका.

आमच्या काळी नवीन एटीएम बसलं की मुख्य किल्लीचे दोन भाग दोन वेगळ्या सीलबंद लिफाफ्यांत यायचे. दोन अधिकारी, दोन लिफाफे. एकाने आपला भाग मशीनमध्ये भरायचा, तेव्हा दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, मग उलट. दोन्ही भाग आतल्या आत मिसळून खरी किल्ली तयार होते, म्हणजे पूर्ण किल्ली एकाही माणसाला माहीत नाही. शेवटी पडद्यावर सहा आकडी खूण येते, ती कागदावरच्या खुणेशी जुळली की काम फत्ते. कागद फाडून नष्ट करायचे.

नियम सुंदर. प्रत्यक्षात भर मे महिन्यात तालुक्याच्या शाखेतून दोन साहेब एकाच मोटारसायकलवर निघायचे, दोन्ही लिफाफे एकाच डिक्कीत. गाळ्यात गरम व्हायचं म्हणून एकच जण आत जाऊन दोन्ही भाग भरून यायचा आणि दुसरा समोरच्या टपरीवर चहा सांगायचा. रजिस्टरवर सह्या मात्र दोघांच्या. आता पुष्कळ ठिकाणी किल्ली लांबूनच, डिजिटल प्रमाणपत्रं (यंत्रांची ओळखपत्रंच म्हणा) तपासून भरतात, ते मला जास्त पटतं. मशीनला चहा लागत नाही.

वायरवाला

यवतमाळ-वाशीम पट्ट्यात एटीएमची कनेक्टिव्हिटी बघतो. बिट_बाइट भाऊ, तुम्ही लिहिलं ते पिनचं खरं आहे, पण मास्तरांनी 'बोलणं' विचारलंय. बोलण्यात पिन हा एक तुकडा. कार्ड नंबर, रक्कम, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेकडून येणारं उत्तर: 'द्या' किंवा 'देऊ नका'.

जुन्या मांडणीत पिन सोडून बाकी मजकूर उघडाच जायचा. मग मधे बसणाऱ्याला पिन लागतच नाही. बँकेने 'देऊ नका' म्हटलं असताना त्याने मशीनला 'द्या' ऐकवलं की काम झालं. यात तुमच्या खात्याला धक्का लागत नाही, बँकेची तिजोरी रिकामी होते.

यावर दोन उपाय. एक, प्रत्येक निरोपाच्या शेवटी मॅक नावाची गणिती मोहर. मजकुरात एक अक्षर बदललं तर मोहर जुळत नाही आणि मशीन तो निरोप फेकून देतं. दोन, अख्खं बोलणंच बोगद्यातून न्यायचं, म्हणजे व्हीपीएन. आमच्याकडे सिम साध्या इंटरनेटवर नसतं, कंपनीच्या खासगी एपीएनवर, म्हणजे मोबाईल कंपनीने दिलेल्या वेगळ्या वाटेवर, असतं आणि त्यावर आयपीसेक या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा बोगदा.

आता मास्तर, तुमच्या पेटीकडे या. हा बोगदा सुरू कुठून होतो? राऊटरमधून. मशीन ते राऊटर ही जी हातभर निळी वायर आहे ती बोगद्याच्या बाहेर. म्हणजे दिल्ली-मुंबईपर्यंतचा रस्ता बंदिस्त आणि उघडा आहे तो नेमका तुमच्या डोळ्यासमोरचा हात दीड हात.

पराटी

समजलं. विहिरीपासून धुऱ्यापर्यंत पाइप टाकला आन धुऱ्यापासून पराटीपर्यंत उघडा पाट. पानी चोरनारा धुऱ्यावरच बसन ना मंग.

वायरवाला

भाऊ, मी हे ट्रेनिंगमध्ये सांगतो तेव्हा तीन स्लाइडा लागतात.

बिट_बाइट

थांबा. बोगदा राऊटरमधूनच सुरू व्हावा असं काही नाही. मशीनचं सॉफ्टवेअर स्वतःच टीएलएसने, म्हणजे सगळा निरोप एन्क्रिप्ट करून, बोलत असेल तर निळ्या वायरीवरही सगळं बंदिस्त असतं. नव्या मशीनमध्ये ही सोय आहे. तुम्ही वीस वर्षांपूर्वीचं चित्र रंगवून लोकांना घाबरवताय.

वायरवाला

सोय असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. मशीनमध्ये सोय आहे, स्विचकडे आहे, पण मधे प्रमाणपत्राची मुदत संपली की मशीन बंद, आणि मशीन बंद पडलं की वरून फोन येतो की 'आधी चालू करा, बाकी नंतर बघू'. ते 'नंतर' कधी येतं ते तुम्हीही जाणता, मीही. राऊटरचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवलेला मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलाय.

बिट_बाइट

हे मान्य. पण मग ते सुरक्षेचं अपयश नाही, देखभालीचं आहे.

जुना कॅशियर

चोर पावती देताना हा फरक लिहून देतो का?

धुकं

मी धारणीकडे शाळेत आहे. मेळघाटात मोबाईलचीच रेंज नसते, त्यामुळे गाळ्याच्या छतावर छत्री आहे. पाऊस चढला की मशीन 'तात्पुरते अनुपलब्ध'. वायरवाले दादा, माझा प्रश्न भाबडा वाटेल, पण छत्रीवर येणारं बोलणं आकाशातूनच येतंय ना? मग माझ्या घरच्या छत्रीवर ते का येत नाही?

वायरवाला

ताई, प्रश्न अजिबात भाबडा नाही. या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

ती छत्री म्हणजे व्हीसॅट. उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवर. तुमच्या मशीनचा निरोप वर जातो, खाली कंपनीच्या हबवर उतरतो, तिथून जमिनीवरून बँकेकडे. उत्तर त्याच वाटेने परत. नुसत्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जातो, म्हणून तुमचं मशीन जरा संथ वाटतं. पावसाचं म्हणाल तर बरीचशी व्हीसॅट ज्या कू बँडवर चालतात त्या लहरी जोराच्या पावसात शोषल्या जातात. आषाढ-श्रावणात आमचे फोन वाजायचे थांबत नाहीत ते त्यामुळे.

आणि हो, उपग्रहावरून खाली येणारा सिग्नल शेकडो किलोमीटरच्या टापूत सगळीकडे पडतो. योग्य उपकरण असेल तर तो तुमच्या छतावरही पकडता येतो. म्हणून व्हीसॅटवर 'वायर कुठे आहे ते कुणाला माहीत नाही' हा युक्तिवाद चालतच नाही. तिथे एन्क्रिप्शन हाच एकमेव आडोसा आहे. गंमत अशी की वायर दिसत नाही म्हणून लोकांना छत्रीवालं मशीन जास्त सुरक्षित वाटतं.

झुणका

वायरीचा विषय चाललाय म्हणून. २०१८ मध्ये आसामच्या तिनसुकियात एटीएममध्ये उंदीर शिरले आणि १२ लाखांहून अधिक रुपयांच्या नोटा कुरतडल्या. ना पिन, ना मॅक, ना बोगदा.

पराटी

माह्या कामाचं सांगा कोनी. सोयाबीनच्या पैशातून दहा हजार काढाले गेलतो. मशीन घरघरलं, मंग लाइन गेली. मेसेज आला दहा हजार कटले. नोट एक नाई. हे कोन्या चोरानं केलं?

बिट_बाइट

चोराने नाही, भाऊ. तुमच्या बँकेने 'द्या' म्हटलं आणि खात्यातून रक्कम वळती केली, पण उत्तर मशीनपर्यंत पोचायच्या आत लिंक किंवा वीज गेली. ठरलेल्या वेळात मशीनकडून पोच आली नाही की स्विच उलटा निरोप पाठवतो, 'तो व्यवहार रद्द धरा'. तो निरोपही अडकला तर हिशेब जुळवताना सापडतो. मशीनमध्ये प्रत्येक हालचालीची नोंद असते, किती नोटा मोजल्या, किती बाहेर गेल्या, सगळं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये असंही त्यात आहे.

पराटी

शंभर रुपये रोज! शेतात मजुराले जास्त द्या लागते, पर मशीननं निदान कबूल तं केलं.

वायरवाला

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती फसवणूक आहे. काही टोळ्या नोटा बाहेर येतानाच मुद्दाम मशीनची वीज तोडतात. नोटा हातात, आणि मशीन मात्र बँकेला कळवतं की व्यवहार फसला. मग हे लोक तक्रार करून खात्यात पैसे परत मागतात. म्हणून पराटी भाऊ, तुमच्यासारख्या खऱ्या माणसालाही बँक आधी संशयाने बघते. उघडी पेटी म्हणजे फक्त ऐकण्याची भीती नाही, मास्तर. त्यात विजेचं सॉकेटही आहे, आणि ते पोरगं तिथपर्यंत सहज पोचलं होतंच.

जुना कॅशियर

सगळे वायरीकडे बघताय म्हणून एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा कुणी कुठल्या खेड्यातल्या वायरीला हात लावला नव्हता. हल्लेखोरांनी आतल्या यंत्रणेत शिरून खोटा स्विच उभा केला. खऱ्या बँकेकडे प्रश्न जातच नव्हता, हा बनावट स्विच सगळ्यांना 'द्या, द्या' म्हणत सुटला. नकली कार्डांनी २८ देशांतल्या मशीनमधून पैसे उचलले. नंतर स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपजाळ्यामार्गे हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून एकूण ९४ कोटींच्या वर. मशीन प्रामाणिक, वायर प्रामाणिक, उत्तर देणाराच बदललेला.

त्या आधी जून २०१८ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना मशीनचा बायोस (संगणक सुरू होतानाचा) पासवर्ड, यूएसबी बंद करणं, ठरलेल्याच प्रोग्रॅमला चालू द्यायचं, जुनी विंडोज काढायची अशी मुदतीसह यादी दिली होती. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच काढून घेतला होता, आणि तरी आपल्याकडे ती सगळीकडून काढायची अखेरची मुदत जून २०१९ ची. पाच वर्षं! एवढ्यात पोरगं पहिलीतून सहावीत जातं.

धुकं

मग छोट्या बँका ज्या दुसऱ्याच कंपनीचा स्विच भाड्याने वापरतात त्यांचं काय? आमच्याकडे तशाच जास्त.

बिट_बाइट

त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला वेगळं परिपत्रक काढलं. स्विचची सेवा देणाऱ्या कंपनीने सुरक्षेचे किमान नियम पाळावेत हे करारातच लिहून घ्या, असं बँकांना सांगितलं. एका कंपनीच्या स्विचवर अनेक बँका असतात, म्हणजे एका ठिकाणी भोक पडलं तर सगळ्यांच्या खिशाला. जुना कॅशियर काका, या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण ते ग्राहकाच्या हातात नाही.

बचतगट ताई

तुमचं एटीएमपुराण छान आहे, पण आमच्या गावात एटीएमच नाही. मी बँक सखी आहे. माझ्याकडे अंगठ्याचं छोटं यंत्र आणि मोबाईल, त्यावर निराधारच्या म्हाताऱ्या बायका पैसे काढतात. माझं बोलणं कोण ऐकतं का, तेही सांगा की.

बिट_बाइट

ताई, अंगठ्याचं यंत्र आधारकडे नोंदवलेलं असावं लागतं. ठसा एन्क्रिप्ट होऊनच पुढे जातो आणि आता सक्ती असलेल्या एल-१ प्रकारात तर हे काम यंत्राच्या आतच होतं, मोबाईलला उघडा ठसा दिसत नाही. कीपॅडचंच तत्त्व. तुमच्याकडे धोका वायरीवर नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवण्याचे प्रकार देशात पकडले गेलेत. पिन बदलता येतो, अंगठा नाही.

बचतगट ताई

आणि वायर ऐकायची गरजच काय म्हणा. काही केंद्रांवर अंगठा दोनदा लावून घेतात, 'पहिल्यांदा आला नाही आजी' म्हणून. आजीला पावती वाचता येत नाही. मी प्रत्येकीला रक्कम मोठ्याने सांगते आणि पावती हातात देते, पण सगळेच तसं करत नाहीत.

घाटंजीकर मास्तर

मंडळी, चर्चा एचएसएमपासून रबरी अंगठ्यापर्यंत गेली. मजा आली, पण मूळ प्रश्न तसाच आहे. मी त्या मशीनवर कार्ड घालू की नको? आणि त्या पेटीचं काय करू?

वायरवाला

पिनची काळजी निळ्या वायरीपेक्षा डोक्यावरच्या चोरट्या कॅमेऱ्याची आणि कीपॅडवर चिकटवलेल्या नकली पट्टीची करा. हाताने झाकून पिन दाबा. चिपचं कार्ड दर व्यवहाराला नवा सांकेतिक शब्द तयार करतं, त्यामुळे वायरीवरून नुसता नंबर उचलून चिपचं कार्ड बनवता येत नाही. पण पेटी उघडी असेल तोवर मी स्वतः ते मशीन वापरणार नाही. तिथे कुणी हात घातलाय का हे बाहेरून कळत नाही.

तक्रार करताना 'पेटी उघडी आहे' एवढंच लिहू नका, ते सफाईवाल्याकडे जातं. मशीनवर चिकटवलेला एटीएम आयडी लिहा आणि 'राऊटर व नेटवर्क केबल कुणालाही हाताळता येते' असे शब्द वापरा. शाखेत लेखी द्या, पोच घ्या. फोटो शाखेलाच पाठवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

प्रशासक

आणि इथेही नको.

घाटंजीकर मास्तर

लेखी देऊन आलो. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या हे मशीन आमचं, पण पेटी एजन्सीची, राऊटर दुसऱ्या कंपनीचा आणि गाळा घरमालकाचा. पोच मात्र दिली. गणिताच्या सरांना हा धागा वाचायला दिला, ते म्हणतात 'मी पिनचंच बोललो होतो'.

पराटी

बिट_बाइट भाऊ, पाच दिवस होऊन गेले, दहा हजार आले नाई. आता कोठी जाऊ?

बिट_बाइट

ज्या बँकेत खातं आहे तिथेच, मशीन कुणाचंही असो. व्यवहाराची तारीख, वेळ, एटीएम आयडी आणि कटल्याचा मेसेज लिहून द्या, तक्रार क्रमांक घ्या आणि २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

पराटी

ऑनलाइन म्हन्ता. रेंजसाठी टाकीवर चढा लागन.

बचतगट ताई

टाकीवर नका चढू, माझ्याकडे या. मी भरून देते. मेसेज पुसू नका तेवढा.